पन्नास जाती जमवायच्या आधी आपल्या मानवेलाची वही काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे की उमरेड रोडला दोन एकर शेत आहे, विहिरीला पाणी बरं आहे, जमीन काळी, आणि बांबूच्या शक्य तितक्या जाती, जमल्यास पन्नास, एका जागी लावायच्या, सोबत छोटी नर्सरी काढायची आणि बांबूची विविधता जपायची, तर रोपं कुठून आणू आणि लावू कशी.

भाऊ, तुमचा विचार मनापासून आवडला म्हणून लांब लिहून राहिलो, सवडीने वाचा. वीस-बावीस वर्षं मी बांबूच्याच रोपांत आहे, आधी दुसऱ्याच्या नर्सरीत आणि नंतर स्वतःच्या. पन्नास जातींचं एकेक बेट, म्हणजे बांबूचा एकेक झुबका, लावला की बाग सुंदर होते, शाळेची पोरं बघायला येतात, सगळं खरं, पण त्याने विविधता जपली जात नाही. कारण जात म्हणजे एक झाड नव्हे. आपल्या जंगलातला नेहमीचा बांबू, मानवेलच घ्या. मेळघाटातला मानवेल, नवेगाव-नागझिऱ्याकडचा मानवेल आणि रामटेकच्या टेकडीवरचा मानवेल, तिघांचंही शास्त्रीय नाव डेन्ड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टसच, पण कोणाचं कांडं भरीव, कोणाचं पोकळ, कोणाचं पेर हातभर लांब तर कोणाचं वीतभर, कोणी सरळ जातो, कोणी वाकडा. जपायचं आहे ते हे सगळं. नर्सरीतून एक रोप आणून त्याच्यापुढे "मानवेल" अशी पाटी ठोकली की आपण जातीचा एक नमुना लावला, एवढंच झालं.

युरोपातलं एक उदाहरण मी नेहमी देतो. १९०७ साली अर्नेस्ट विल्सन नावाच्या वनस्पती शोधणाऱ्या माणसाने मध्य चीनमधून एक बांबू नेला, आज त्याला फार्गेसिया म्युरिएली म्हणतात. तो देखणा होता, थंडी सोसायचा, म्हणून फोडी करकरून बागांमधून वाटला गेला आणि तिकडची जवळपास सगळी बेटं त्या एकाच झाडाची लेकरं झाली. १९७० च्या दशकात डेन्मार्कमधली बेटं फुलायला लागली आणि नव्वदीपर्यंत देशोदेशीची फुलली आणि वाळली. हजारो बागांत दिसणारा बांबू मुळात एकच झाड होतं. नशीब की त्याला बी धरलं आणि त्या बियांपासून नवी पिढी उभी राहिली. ज्या बांबूला बी धरतच नाही त्याचं असं झालं तर काय करणार?

म्हणून पहिल्यांदा फुलोरा समजून घ्या, बाकी सगळं त्याच्यावर बसलेलं आहे. बांबू हे गवत आहे, आणि बरेचसे बांबू गव्हासारखे आयुष्यात एकदाच फुलतात, बी टाकतात आणि मरतात, फक्त त्यांचं आयुष्य लांब असतं. मानवेलाचं साधारण २५ ते ४५ वर्षं धरतात, कटांगचं म्हणजे आपल्या काटेरी बांबूचं चाळीसच्या आसपास, मिझोरममधल्या मेलोकॅनाचं ४८ च्या आसपास. मेलोकॅना १९५८-५९ ला फुलला होता आणि नंतर २००६ पासून पुन्हा, दोन्ही वेळा त्याच्या बियांवर उंदरांचा सुळसुळाट झाला होता. आता कामाची गोष्ट ही की तुम्ही बेटातून कंद काढून लावा, कांडी लावा नाहीतर टिश्यू कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून रोपं, करा, रोप दिसायला तीन महिन्यांचं असतं पण वय त्याच्या आईचं असतं. आई ३५ वर्षांची असेल तर ते रोपही आतून ३५ वर्षांचं, आणि आई फुलली की लेकरंही त्याच सुमारास फुलतात, मग ती उमरेडला असोत की उटीला. शेतकरी माझ्याकडे येऊन विचारतात की हा बांबू किती वर्षं टिकेल, तेव्हा मी उलटा प्रश्न करतो, रोप बियाचं आहे की फोडीचं, आणि फोडीचं असेल तर आईबेट कधी लावलं होतं? दहातल्या नऊ नर्सऱ्यांकडे याचं उत्तर नसतं, कारण कोणी लिहूनच ठेवत नाही.

आता बियाबद्दल, कारण विदर्भात बसून आपण जे करू शकतो त्यात सगळ्यात मोठं काम मला हेच वाटतं. मानवेलाचं सगळं रान एकदम फुलणं क्वचित, पण तुरळक, इथे एक बेट तिथे दोन बेटं, असं फुलणं बहुतेक वर्षी कुठे ना कुठे दिसतं. ओळखायचं कसं, तर पानं गळून जातात आणि फांद्यांवर थोड्या थोड्या अंतराने गोल टोचरे गुच्छ लागतात, लांबून बेट वाळल्यासारखं वाटतं आणि गुराखी म्हणतो मेलं ते. मरायचंच असतं ते, पण त्याआधी बी देऊन जातं. मार्च ते मे या काळात बी गळतं. मी बेटाखाली पालापाचोळा झाडून घेतो आणि जुन्या साड्या जोडून अंथरतो, सकाळी वारा नसताना कांडं हलवतो. सुरुवातीला जे पडतं त्यात फोलपट फार, खरा भरलेला दाणा नंतर येतो. तो गव्हापेक्षा बारीक, तपकिरी, चकचकीत आणि टोकाला चोच असलेला असतो, नखाने दाबला तर दबत नाही. घरी आणून सुपात पाखडायचं, बांबूचं बी बांबूच्याच सुपात. किलोभर बियात २५-३० हजार दाणे बसतात, म्हणजे एका बेटाचं मूठभर बी मिळालं तरी ते पुष्कळ आहे. हे बी नुसतं पिशवीत टांगून ठेवलं तर काही महिन्यांत उगवणशक्ती पार घटते, दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत हाती काही राहत नाही. सावलीत नीट वाळवून, काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं तर काही वर्षं सहज टिकतं. मेलोकॅनाला हे चालत नाही, त्याचं फळ पेअरएवढं मोठं असतं आणि पडल्या पडल्या उगवायला लागतं, त्याला साठवता येत नाही, त्याची जिवंत बेटंच सांभाळावी लागतात.

बी गोळा करताना एक चूक सगळे करतात, मीही पहिली दोन वर्षं केली, सगळ्या बेटांचं बी एका गोणीत ओतलं. असं करू नका. बेटागणिक वेगळी पिशवी, पिशवीवर नंबर, वहीत तारीख, गाव, टेकडी की नाला, मोबाईलवरचं लोकेशन, बेटाचा फोटो. एका जंगलातून निदान २५-३० बेटांचं बी मिळवायचा प्रयत्न करा आणि बेटं एकमेकांपासून शंभर-दोनशे मीटर दूरची निवडा, शेजारशेजारची बेटं बहुतेक एकाच आईची असतात. एका वर्षात नाही होणार हे, पाच-सात वर्षं लागतील, दरवर्षी जी फुलतील ती घ्यायची.

पेरणीला खूप काही लागत नाही, रात्रभर भिजवून माती-वाळू-शेणखताच्या वाफ्यात पेरा, आठ-पंधरा दिवसांत सुईसारखे हिरवे कोंब येतात. त्यात काही रोपं पांढरीफट्ट निघतात, हरितद्रव्यच नसतं, ती आठवडाभरात मरतात, घाबरू नका, बांबूत हे चालतं. पण कुठल्या आईची किती पोरं पांढरी निघाली हे वहीत लिहा. दोन-तीन पानं आली की पिशवीत. चार-पाच महिन्यांत बुडातून फुटवे येतात, ते मुळासकट वेगळे करून एकाची तीन रोपं करता येतात, नर्सरीवाले करतातच, विक्रीला ठीक आहे. पण फुटवे फोडून फक्त आकडा वाढतो, झाड तेच राहतं, म्हणून जपणुकीच्या ओळीत फोडीचं रोप ठेवू नका. आणि अजून एक, जी रोपं हळू वाढतात, बुटकी राहतात, ती नर्सरीत फेकली जातात कारण गिऱ्हाईक उंच रोप उचलतं, असं दरवर्षी करत गेलं की आपण नकळत एकाच साच्याचा बांबू निवडत जातो. जपणुकीच्या ओळीत बुटकंही ठेवा. त्याच्यात काय गुण आहे ते अजून दहा वर्षांनी दिसेल.

गुणांवरून आठवलं. नागपुरात सुपं-टोपल्या विणणाऱ्या बुरड समाजाची वस्ती आहे तिथे एका काकूंकडे मी वर्षानुवर्षं जातो. एकदा मी त्यांना माझ्याकडच्या सात बेटांची सात कांडी नेऊन दिली, काही न सांगता. त्यांनी कोयत्याने एकेकाला चीर दिली, कामटी म्हणजे पातळ पट्टी ओढली, बोटाभोवती वाकवून पाहिली आणि दहा मिनिटांत दोन ढीग केले, म्हणाल्या, "हे सुपाचं, हे तट्ट्याचं, आणि हा एक घरी घेऊन जा, मोडते हा." तो मोडणारा माझ्या हिशेबाने सगळ्यात उत्तम होता, जाड आणि सरळ. नंतर वही काढून पाहिली तर सुपाच्या ढिगातली तिन्ही कांडी एकाच टेकडीवरच्या बियांची होती. त्या दिवसापासून माझ्या वहीत एक रकाना वाढला, कामटी कशी निघते. तुमच्याजवळ जी बुरड कुटुंबं असतील त्यांना पहिल्या वर्षापासून सोबत घ्या. बांबूचं पीक कोणाच्या हातात जातं हे माहीत नसताना बेटं निवडणं म्हणजे अर्धी माहिती घेऊन काम करणं आहे.

आता बाहेरच्या जातींबद्दल. लावू नका असं नाही म्हणत. आपल्या उन्हाळ्यात ४५-४६ डिग्रीत काय तगतं ते पाहा. बालकुआ, वल्गारिस, टुल्डा, न्यूटन्स, ठिबकवर बरे येतात. कटांग तर आपलाच, नाल्याकाठी लावा आणि कुंपणापासून आत लावा, काटे फार पसरतात. ॲस्पर माझ्याकडे आहे पण दर मे महिन्यात पानांच्या कडा करपतात, त्याला पश्चिमेची सावली द्यावी लागते. कोकणातला माणगा जरूर लावा, भरीव, बिनकाट्याचा, पण त्याला बी धरत नाही, पिढ्यानपिढ्या कंदानेच लावत आलेत, म्हणून तो आणताना एका शेतातून दहा रोपं आणण्यापेक्षा दहा गावांतून एकेक आणा. बालकुआचंही तसंच आहे, फुलला तरी बी जवळपास धरत नाही, आणि बाजारात टिश्यू कल्चरची जी रोपं येतात ती लाखो असली तरी एका निवडक झाडाची. शेती म्हणून चांगलीच आहेत, माझी तक्रार नाही, पण ती लावून विविधता वाढली असं वहीत लिहू नका. आणि ईशान्य भारतातल्या थंड डोंगरावरच्या जातींचा हट्ट सोडून द्या, त्यांची जागा तिकडे आहे, तिकडे जोरहाटला वर्षा वन संशोधन संस्था आहे, केरळात पीचीची वन संशोधन संस्था आहे, डेहराडूनची जुनी संस्था आहे, ते लोक ते काम करतात.

विकत रोपं घेताना नावावर विश्वास ठेवू नका. मी एका नर्सरीतून तीन वेगवेगळ्या नावांची रोपं आणली होती, तिघांचे भाव वेगळे, पाट्या वेगळ्या. चौथ्या पावसाळ्यात जाड कोंब आले तेव्हा कळलं की तिन्ही वल्गारिस. चार वर्षं पाणी घातलं, जागा गेली, आणि मधल्या काळात मी त्याच चुकीच्या नावाने पंचवीसेक लोकांना फोडी दिल्या होत्या, त्यांना सगळ्यांना फोन करून सांगावं लागलं. फूल वर्षानुवर्षं दिसत नाही म्हणून बांबू ओळखायचा कोंबावरच्या खोळीवरून, म्हणजे कोंबाला गुंडाळलेल्या जाड आवरणावरून. जुलै-ऑगस्टमध्ये कोंब कमरेएवढा झाला की मधल्या उंचीची एक खोळ अलगद सोडवून घ्या आणि उन्हात उलटी-सुलटी करून पाहा. वल्गारिसच्या खोळीवर काळपट तपकिरी लव असते, हाताला खाज सुटते, आणि वरच्या पात्याच्या दोन्ही बाजूंना कानासारखे गोल पाळे असतात. मानवेलाची खोळ सोनेरी-तपकिरी केसांची, वरचं पातं छोटं त्रिकोणी, कान दिसण्यासारखे नाहीत. बालकुआला कान नाहीत. ॲस्परच्या खालच्या पेरांवर मखमलीसारखी तपकिरी लव असते आणि बुडाकडच्या गाठींना हवेतली मुळं फुटतात. या खोळी वर्तमानपत्रात दाबून, वाळवून, नंबर टाकून ठेवा, बेट मेलं तरी खोळ राहते.

लागवड कांडीने करायची तर दोन-तीन वर्षांचं कांडं घ्या, मार्च-एप्रिलमध्ये, दोन गाठींचा तुकडा, मधल्या पेराला छोटं भोक पाडून त्यात पाणी आणि मुळं फुटायचं हार्मोन, आणि भोक पट्टीने बंद करून आडवं गाडायचं. वल्गारिस, बालकुआ छान फुटतात. मानवेल या पद्धतीने फार कमी फुटतो, उगाच निराश होऊ नका, त्याला बी किंवा कंदाची फोडच बरी.

दोन एकर म्हणजे साधारण आठ हजार चौरस मीटर. मी असतो तर पाऊण एकरात मानवेलाच्या ३० आयांची प्रत्येकी चार रोपं, पाच बाय पाच मीटरवर. दुसऱ्या पाऊण एकरात बाकीच्या १५ जाती, प्रत्येकी तीन बेटं, आठ मीटरवर, आणि तिन्ही शक्यतो वेगवेगळ्या ठिकाणाहून आणलेली. उरलेल्या अर्ध्या एकरात नर्सरी, शेडनेट, पाण्याची टाकी. काळ्या जमिनीत पाणी साचतं आणि मानवेलाला पाय ओले ठेवून उभं राहणं जमत नाही, त्याला वरंब्यावर लावा, खालच्या कोपऱ्यात कटांग द्या. रानडुक्कर आणि साळिंदर कोंबांवर तुटून पडतात, पहिली तीन वर्षं जाळी लागणारच. उधईसाठी, म्हणजे वाळवीसाठी, शेणखत नीट कुजलेलं वापरा, कच्चं शेण टाकलं की ती आलीच.

पाट्यांबद्दल हसू नका, माझं सगळ्यात जास्त नुकसान पाट्यांनी केलंय. प्लॅस्टिकची पाटी नागपूरच्या दोन उन्हाळ्यांत तडकते, मार्करची शाई एका उन्हाळ्यात उडते, आणि कांड्याला तारेने बांधलेली पाटी ते कांडं तोडलं की जाते. आता मी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने नंबर ठोकतो, पट्टी बेटाजवळ सिमेंटच्या खुंट्यावर लावतो, आणि शेताचा नकाशा तीन जागी ठेवतो, एक वहीत, एक मोबाईलवर, एक भावाच्या घरी. एखादं बेट तुमच्याच शेतात फुललं तर खाली पडून उगवलेली रोपं लगेच उपटून पिशवीत घ्या आणि नवा नंबर द्या, नाहीतर ती जुन्याच पाटीखाली मोठी होतात आणि दहा वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही की हे कोण.

आणि प्रत्येक नंबराची जोडी दुसऱ्या कोणाच्या तरी शेतात ठेवा. एका एप्रिलमध्ये शेजारच्यांनी धुरा म्हणजे शेताचा बांध जाळला, वारा फिरला आणि अर्ध्या तासात माझी अकरा बेटं गेली. मानवेल आगीनंतर बुडातून फुटतो, पाच फुटली, पण उरलेली सहा अशी होती ज्यांची आईबेटं आधीच फुलून मेली होती आणि दुसरीकडे कुठेही रोप दिलेलं नव्हतं. त्या सहा नंबरांसमोर वहीत नुसती तारीख आहे. त्यानंतर मी भंडाऱ्याकडच्या एका मित्राच्या शेतात सगळ्याची दुसरी प्रत लावली, आणि दर फेब्रुवारीत आमच्या दोघांच्याही शेताभोवती दहा फुटांचा पट्टा नांगरून मोकळा करतो.

परवानगीचं म्हणाल तर, शेतात लावलेल्या बांबूची अडचण २०१७ च्या कायदा दुरुस्तीनंतर राहिली नाही, जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. जंगलातलं बी मात्र वनविभागाला विचारल्याशिवाय उचलू नका, पेंच-ताडोबासारख्या ठिकाणी तर नाहीच. जिथे गावाला सामूहिक वनहक्क मिळालाय तिथे ग्रामसभेकडे जा, गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः द्यायचा अधिकार मिळाला, तेव्हापासून त्या भागातल्या कितीतरी गावांना बांबूचा हिशेब आपल्यापेक्षा चांगला कळतो. तुमच्या ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती असेल तर तिच्या नोंदवहीत तुमचे नंबर चढवून घ्या. महाराष्ट्र बांबू विकास मंडळ आपल्या नागपुरातच आहे, चंद्रपूरजवळ चिचपल्लीला प्रशिक्षण केंद्र आहे, आणि रोपं घ्यायच्या आधी अमरावतीच्या वडाळीच्या बांबू उद्यानात एक दिवस घालवा, जाती जिवंत उभ्या पाहिल्याशिवाय फोटोवरून खरेदी करू नका.

या वर्षी एवढंच करा. जून येईपर्यंत वरंबे आणि जाळी. जुलैत दोन-तीन ओळखीच्या बेटांच्या खोळी काढून दाबायला शिका. आणि नोव्हेंबरपासून रामटेक, उमरेड, भिवापूरकडचे गुराखी आणि वनमजूर यांना सांगून ठेवा की कुठलं बेट पानं टाकून काटेरी गोळे धरताना दिसलं तर फोन करा. पहिला फोन आला की मलाही कळवा, साड्या माझ्याकडे आहेत.